नऊ नंबरचं बीपी

मेट्रन योगिनी मॅडमनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मधोमध पेन ठेवलं. डावीकडचा कागद संध्या दोन महिने मागत होती. परदेशात नर्सच्या लायसन्सची परीक्षा द्यायची, तर ज्या दवाखान्यात चार वर्षं राबलो त्या दवाखान्याने तसं लिहून द्यावं लागतं आणि त्यावर मेट्रनची सही लागते. उजवीकडचा कागद तिने मागितला नव्हता. मंगळवारी बाळंतिणींच्या वॉर्डात काय झालं ते त्यावर चार ओळींत टाइप केलेलं होतं, आणि खाली 'स्टाफ नर्स संध्या गावित' या नावापुढे जागा कोरी होती.

'बेड नंबर नऊवरील रुग्ण सरिता हिला तिच्या सासूने, कर्मचाऱ्यांनी वारंवार सूचना देऊनही, बेडवरून खाली जमिनीवर बसवले व ती स्वतः बेडवर झोपली. त्यामुळे रुग्णाची योग्य तपासणी होऊ शकली नाही. वरील चूक सासूस मान्य आहे. रुग्णालयाविरुद्ध तक्रार नाही.' त्याखाली सासूचा, म्हणजे भागीबाईचा, निळ्या शाईतला अंगठा होता. जरा फरफटलेला.

"वारंवार सूचना कुणी दिल्या, मॅडम?" संध्याने विचारलं.

"अगं, आपण सगळेच देतो की. बेड सोडू नका, खाली बसू नका. रोजचंच आहे ते."

"मी दिली नव्हती."

"दिली असशील. एवढ्या गडबडीत आठवत नसेल," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "पाच वाजेपर्यंत सही करून आण. तुझं पत्र मी लगेच देते. तुझ्या फॉर्मची मुदत उद्याच संपते ना?"

मुदत उद्याच संपत होती. मॅडमना ते पक्कं ठाऊक होतं. दोन महिने ज्या पत्रासाठी त्यांना वेळ नव्हता, ते पत्र आज तासाभरात टाइप होऊन शिक्क्यासकट टेबलावर आलं होतं. माणसाच्या नाडीवर बोट कसं ठेवायचं हे काही जणांना नर्सिंगमधली सगळी वर्षं घालवून फक्त अशाच कामासाठी येतं.

संध्याने उजवीकडचा कागद उचलला आणि ती बाहेर आली. सही करायची की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि हे इतकं सोपं वाटावं अशीच त्या कागदाची मांडणी होती.

आता मंगळवारी खरं काय झालं ते सांगायला हवं, कारण त्या चार ओळींत ते कुठेच नाही.

संध्या मूळची पेठच्या पलीकडच्या पाड्यावरची. आश्रमशाळेत शिकली, नाशिकला नर्सिंग केलं, या दवाखान्यात लागली. दर रविवारी ती गंगापूर रोडवर एका मिठाईच्या दुकानाच्या माडीवर महेश सरांच्या क्लासला जायची. परदेशच्या या परीक्षेत पाठांतर कामाला येत नाही. तिथे विचारतात की चार पेशंट आहेत, तुम्ही एकट्या आहात, आधी कोणाकडे जाल? महेश सरांनी त्याचे नियम घोटून घेतले होते. श्वास आधी, मग रक्त, मग बाकीचं. ज्याची तब्येत डळमळते तो आधी, स्थिर असेल तो नंतर. नवं दुखणं आधी, जुनं नंतर. सर पर्याय वाचून संपवायच्या आत संध्या उत्तर द्यायची आणि ते बरोबर असायचं. सगळ्या क्लासला खात्री होती की ही पोरगी पहिल्या फटक्यात पास होणार.

सरांच्या प्रश्नांतले पेशंट मात्र भलतेच गुणी. प्रत्येक जण आपापल्या बेडवर, आपापलं नाव आणि आपापले आकडे घेऊन पडून राहिलेला. जागा सोडून कुणी हलत नाही, कुणाची सासू गावाहून येत नाही. असे पेशंट नाशकात कुठल्या वॉर्डात मिळतात ते सरांना एकदा विचारायला हवं होतं.

या वॉर्डात सव्वीस बेड होते आणि सकाळपाळीला दोन सिस्टर. त्यातली एक नऊ वाजता ऑपरेशन थिएटरला पळवली. राहिली संध्या, आणि तिच्या हाताखाली पायल, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची, एकोणीस वर्षांची पोर. पेशंटच्या मनगटावर नाव लिहून बांधायचे बँड तीन आठवड्यांपूर्वी संपले होते. संध्याने स्टोअरच्या वहीत ते तीनदा लिहून दिलं होतं. तिसऱ्यांदा तर लाल पेनाने. वहीत मेट्रनची बरोबरची खूण पडायची, बँड यायचे नाहीत. तोवर पेशंट ओळखायचा तो भिंतीवरच्या नंबरावरून, आणि भिंत कधी चुकत नाही असं सगळ्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं.

नऊ नंबरला सरिता होती. बावीस वर्षांची, पहिलटकरीण, रविवारी मोकळी झालेली, मुलगा झालेला. नवरा राजू दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला होता, तो मंगळवारी दुपारी यायचा होता. सकाळी साडेसातला पेठहून पहिल्या गाडीने तिची सासू आली. एका फडक्यात नागलीची भाकर, दुसऱ्यात बाळाचं झबलं. पहाटे चारला घरून निघालेली, गाडीत जागा न मिळाल्याने उभ्यानेच आलेली ती बाई वॉर्डात शिरली आणि सुनेच्या खाटेशेजारी भुईवर बसली.

ती खाली बसली तशी सरिता खाटेवरून उतरली. कुणी सांगायची गरजच नव्हती. सासू भुईला आणि सून वर खाटेवर, हे त्या डोंगरात कुणी केलेलं नाही आणि कुणी करणारही नाही, मग सून दोन दिवसांची बाळंतीण का असेना. भागीबाई म्हणाली, तू वर बस. सरिता म्हणाली, तुम्ही वर बसा, तुम्ही दमून आलात. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा भागीबाई जरा टेकते म्हणून वर बसली, आडवी झाली, आणि बाळाच्या बाजूला तिचा डोळा लागला. सरिता गोधडीची घडी अंगाखाली घेऊन खाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत बसून राहिली.

आठ वाजता पायल बीपीचं मशीन ढकलत आली. सव्वीस जणींचं बीपी पाऊण तासात घ्यायचं होतं. तिने भिंतीवरचा नऊ वाचला, खाटेवरचा हात उचलला, दंडाला पट्टा बांधला. भागीबाईने डोळे उघडले आणि हात निमूट ढिला सोडला. एकशे अठरा, शहात्तर. नाडी चौऱ्याहत्तर. पायलने ते सरिताच्या चार्टवर सुबक अक्षरात लिहिलं. दहा वाजता पुन्हा तेच. तोच दंड, तोच पट्टा, तसेच छान आकडे. डोंगर चढून उतरून पन्नाशी ओलांडलेल्या त्या बाईची तब्येत खरंच दृष्ट लागावी अशी होती.

मध्ये नऊ वाजता डॉक्टर रोहित राउंडला आले. डॉक्टर दिसताच सासू खाटेवरून उतरून बाजूला उभी राहिली, सून भिंत धरून उभी राहिली. डॉक्टरांनी चार्ट पाहिला, बाळ पाहिलं, "काही त्रास?" असं दोघींच्या मधल्या हवेला विचारलं. दोघी म्हणाल्या, नाय. डॉक्टर म्हणाले, उत्तम, उद्या सोडू. आणि दहा नंबरकडे वळले. या सबंध सकाळीत एकाही शिकलेल्या माणसाने सरिताच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

साडेदहाला भागीबाई काउंटरपाशी आली. तिथे त्या वेळी बाजार भरला होता. तीन नंबरच्या बाईचा हात सलाईनच्या सुईपाशी सुजला होता आणि तिचा नवरा तक्रार कुठे करायची ते विचारत होता. चौदा नंबरला थंडी वाजून ताप भरत होता. फोन वाजत होता.

"बाई, पोरीला गरगरतंय," भागीबाई म्हणाली. "डोळ्यापुढं काळं येतं म्हणते."

संध्याने नऊ नंबरचा चार्ट ओढला. दहा वाजता, एकशे अठरा, शहात्तर, नाडी चौऱ्याहत्तर. अर्ध्या तासापूर्वीचं. स्थिर. चौदा नंबर आधी, मग तीन, मग नऊ. क्लासमध्ये याला पैकीच्या पैकी मिळाले असते.

"आजी, बीपी एकदम चांगलं आहे. बाळंतपणाचा अशक्तपणा असतो तो. खाली कॅन्टीनमधून चहा आणा, बिस्कीट द्या. मी येतेच बघायला."

भागीबाईने जाऊन सुनेला सांगितलं, सिस्टर म्हणते चांगलं हाय, आणि ती चहा आणायला खाली गेली. सरिताही मग काही बोलली नाही. एवढ्या शिकलेल्या बाईने कागद बघून चांगलं आहे म्हटल्यावर आपल्याला होतंय ते बोलायचं तरी कुणाला?

संध्या नऊ नंबरला पोचली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. भागीबाई अजून खाली चहाच्या रांगेत होती, खाटेवर एकटं बाळ झोपलेलं. तिला वाटलं सरिता बाथरूमला गेली असेल. ती वळणारच होती, तेवढ्यात खाटेच्या पलीकडे भिंतीशी लुगड्याचं टोक दिसलं. सरिता गुडघ्यांत मान घालून बसली होती. संध्याने तिची हनुवटी वर केली तर ओठ पांढरे फटक. मनगटाला नाडी लागेना, गळ्याला लागली ती मोजता येऊ नये अशी धावणारी. हात गार आणि ओला. आणि गोधडीची घडी वरपासून खालपर्यंत रक्ताने जड झालेली.

पुढचं संध्याने चोख केलं. तिला आडवं केलं, पाय उंच केले, ओरडून माणसं गोळा केली, गर्भपिशवी आकसावी म्हणून पोट चोळलं, तिच्या दोन्ही हातांना सुया लावल्या, ऑक्सिजन लावला. बीपीच्या मशीनने आधी आकडाच दिला नाही, मग दिला तो शहात्तर, चाळीस. वारेचा तुकडा आत राहिला होता. थिएटरमध्ये तो काढला तरी रक्त थांबेना, तेव्हा गर्भपिशवी काढावी लागली. रक्ताच्या पाच बाटल्या लागल्या. सरिता जगली. बावीस वर्षांच्या पोरीला आता पुन्हा मूल होणार नव्हतं.

दुपारी संध्याने पायलला बाजूला घेतलं. "दहाला नऊ नंबरचं बीपी तू घेतलंस?"

"हो दीदी. त्या आजींचं..." पायल बोलता बोलता थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि ती भिंतीला टेकून रडायला लागली.

संध्या रडली नाही. ती संतापली होती, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. पायल शहरातली, तिला काय माहीत. डॉक्टर रोहितना काय माहीत. पण संध्याची स्वतःची आई आजीसमोर आयुष्यात कधी खाटेवर बसली नाही. काउंटरपाशी आलेली भागीबाई कुठली आहे हे संध्याला तिच्या लुगड्याच्या नेसणीवरूनच कळलं होतं. ती बाई सकाळपासून भुईवर बसलेली असूच शकत नाही, मग भुईवर कोण असेल, हा हिशोब सबंध वॉर्डात एकट्या संध्याला येत होता. आणि तिने आकडा बघितला.

हे सगळं मंगळवारचं. शुक्रवारी हातात तो कागद घेऊन संध्या जिन्यावरून उतरत होती आणि मन तिला हळूहळू सही करण्याच्या बाजूला नेत होतं. मन या कामात फार हुशार असतं. फायलीत जाऊन पडणारा एक कागद. भागीबाई तो कधी वाचणार नाही, तिला वाचता येत नाही. तिला कुणी शिक्षा करणार नाही, दंड करणार नाही. पेठच्या डोंगरात नाशिकच्या फायली पोचत नाहीत. उलट कागदात खरं लिहिलं तर पायलचं शिक्षण जाईल, आपलं पत्र जाईल, आणि सरिताची पिशवी काही परत येणार नाही. मग कुणाचं काय बिघडलं?

जेवणाचा डबा घेऊन ती मागच्या बाजूला गेली. तिथे गाड्या लावायच्या पत्र्याच्या शेडखाली भागीबाई बसली होती. शेजारी तेच फडकं, त्यात भाकर तशीच, आता वाळून कडक झालेली.

"आजी, इथं काय करताय? वर का नाही गेलात?"

"राजू नको म्हणतो."

"नको म्हणजे?"

"तीन दिस झालं. वर येऊ नको म्हणला, पोराला हात लावू नको म्हणला." भागीबाई हे अगदी सपाट आवाजात सांगत होती. "खरं हाय त्याचं. मी झोपले ना, बाई. पोर भुईला नी मी खाटंवर. माज्यामुळं तिची पिशवी गेली."

"असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"कागदात हाय. राजूला दिला त्यांनी कागद, तो वाचला राजूनं. नववी शिकलाय तो. म्हणला, आई, आंगठा तुजाच हाय. माजाच हाय तो."

संध्याच्या हातातला डबा तसाच राहिला. कागद फायलीत जाऊन पडणार नव्हता. तो बुधवारीच कामाला लागला होता. नवऱ्याच्या हातात दिला की तो दवाखान्याशी भांडणार नाही, आईशी भांडेल, हा विचार कुणीतरी खुर्चीत बसून शांतपणे केला होता.

"अंगठा घेताना काय सांगितलं तुम्हाला?"

"रगताच्या बाटल्या आणल्या त्याचा कागद म्हणले. पोरीला रगत द्यायचं तर आंगठा दे. मी म्हणलं घ्या. दोन्ही हातांचे घ्या म्हणलं."

संध्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर थिएटरमध्ये सुनेचा जीव टांगलेला, आणि खाली हिच्या अंगठ्याला शाई लावत होते. आजवर संध्याने या दवाखान्यात पुष्कळ काही गिळलं होतं. पाड्यावरची म्हणून तिच्या बोलण्याची नक्कल, जास्तीच्या पाळ्या, 'तुमच्याकडचे लोक'ने सुरू होणारी वाक्यं. हे मात्र घशाखाली उतरेना. आणि या कागदावर सही करायला आपण जिन्यात जवळजवळ तयार झालो होतो, हे आठवून तिला स्वतःचीच किळस आली.

ती भागीबाईच्या समोर खाली बसली. डबा बाजूला ठेवला.

"आजी, ऐका. मंगळवारी तुमच्या दंडाला दोनदा पट्टा बांधला होता ना? फुगतो तो?"

"हां. बांधला. मला वाटलं मोठा दवाखाना हाय, पाव्हण्यांचं पण बघतात." त्याही स्थितीत भागीबाईच्या तोंडावर त्या कौतुकाची जराशी खूण उमटली.

"पाहुण्यांचं कुणी बघत नाही, आजी. तो पट्टा सरिताला बांधायचा होता. तुमचं बीपी तिच्या नावावर लिहिलं. खाटेवर कोण आहे ते कुणी बघितलंच नाही. डॉक्टरांनीही नाही." संध्या पुढे सांगत राहिली. "आणि नंतर तुम्ही मला सांगायला आलात. पोरीला गरगरतंय म्हणून."

"आले व्हते."

"मी तुमच्यासोबत यायला पाहिजे होतं. मी उठलेच नाही. बीपीचा कागद बघितला आणि चांगलं आहे म्हणून तुम्हाला परत पाठवलं. ते चांगलं तुमचं होतं. सरिताचं तेव्हा रक्त जात होतं. मी तेव्हाच आले असते तर कदाचित पिशवी राहिली असती. कदाचित. नक्की मी सांगू शकत नाही."

भागीबाई संध्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात क्षमा वगैरे काही नव्हतं.

"मंजे मी सांगितलं व्हतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"तुला सांगितलं व्हतं."

"मला."

"नी कागदात ते नाय?"

"नाही, आजी. कागदात ते नाही."

"खाली बसू नको, असं तरी कोण बोललं आम्हाला?"

"कुणी नाही."

भागीबाई गुडघ्यावर हात रोवून उठली. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "मग माजा आंगठा काढून दे मला."

शाई वाळली होती, झेरॉक्स निघाली होती, कागदावरचा अंगठा काही काढता येत नाही. पण भागीबाई तोवर जिन्याकडे चालायला लागली होती, आणि तिला मेट्रनची खोली कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. संध्या उठून तिच्या पुढे झाली आणि जिन्यात थांबवून तिने तो कागद तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला.

मेट्रनची खोली वॉर्डाच्या तोंडाशीच. बाहेरच्या बाकाजवळ राजू बाळाला खांद्यावर घेऊन उभा होता. आई दिसताच त्याने तोंड फिरवलं. भागीबाई त्याच्याकडे न बघता आत गेली आणि संध्याने टेबलावर ठेवलेल्या कागदावर तिने बोट टेकवलं.

"हा माजा आंगठा. हा मला परत पायजे."

योगिनी मॅडम हसल्या. "आजी, असा अंगठा परत मिळत नसतो."

"का नाय मिळत? माजा हाय तो. तुम्ही बाटल्यांचा म्हणून घेतला."

"संध्या, ह्यांना घेऊन जा बरं बाहेर. आणि तू सही केलीस का?"

"करते," संध्या म्हणाली. तिने टेबलावरचं पेन घेतलं, खुर्ची ओढून बसली, आणि अंगठ्याच्या खाली, आपल्या नावासाठी सोडलेल्या कोऱ्या जागेत लिहायला सुरुवात केली. जागा पुरली नाही तेव्हा तिने कागद उलटला.

'वरील मजकूर भागीबाई यांना वाचून दाखवलेला नव्हता. अंगठा रक्ताच्या बाटल्यांसाठी म्हणून घेतला. आज, शुक्रवारी, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी मी वाचून दाखवला. मजकूर त्यांना मान्य नाही. बेड सोडू नये अशी सूचना त्यांना कुणीही दिली नव्हती. सकाळी आठ व दहाचे बीपी सरिताचे नसून भागीबाईंचे आहे. मनगटी बँड तीन आठवडे नव्हते, मी तीनदा लेखी मागितले होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला सव्वीस पेशंटसाठी एकटीला मी पाठवले. साडेदहाला भागीबाईंनी मला येऊन सांगितले की सुनेला चक्कर येते. मी पेशंट पाहिली नाही. चार्ट पाहिला.'

खाली तिने पूर्ण नाव लिहिलं, रजिस्ट्रेशन नंबर लिहिला, सही केली. मग मोबाईल काढून दोन्ही बाजूंचे फोटो घेतले.

मॅडमनी कागद ओढून वाचला. त्यांचा चेहरा लाल झाला. "तुला वेड लागलंय का? हे तू स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध लिहिलंयस. परीक्षा सोड, तुझं इथलं रजिस्ट्रेशन जाईल!"

"जाईल तर जाईल. चौकशी करा. मी सगळं सांगेन."

"आणि या बाईचं काय बिघडणार आहे? त्यांच्याकडे असंच चालतं. उद्या जातील डोंगरात, विसरून जातील."

"आमच्याकडे, मॅडम," संध्या म्हणाली. "आमच्याकडे. आणि पोटच्या पोराने आईला तीन दिवस गाड्यांच्या शेडखाली बसवलं, ते कुणी विसरणार नाही. ते तुमच्या कागदाने झालं."

योगिनी मॅडमनी डावीकडचं पत्र उचललं, शिक्क्यासकट, सहीशिवाय, आणि ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर लावला. संध्याची चार वर्षं, चाळीस रविवार, क्लासमधला पहिला नंबर, सगळं त्या ड्रॉवरमध्ये गेलं होतं, आणि ते तिला हवं होतं, अजूनही हवं होतं. ती खुर्चीतून उठली.

"काय लिहिलंस?" भागीबाईने विचारलं. टेबलावर काय चाललं होतं त्यातलं तिला फक्त पेन चालताना दिसलं होतं. "आता काय लिहिलंस त्यात? मला वाच."

रास्त होतं. एकदा न वाचता अंगठा देऊन तिने पाहिलं होतं. संध्याने मॅडमच्या समोरचा कागद उचलला आणि वाचून दाखवला. लिहिलेलं दवाखान्याच्या भाषेत होतं, ते तिने पाड्यावरच्या बोलीत सांगितलं, एकही शब्द न गाळता, साडेदहाचं वाक्यसुद्धा.

भागीबाईने मान हलवत सगळं ऐकून घेतलं. मग ती दाराकडे वळून बघायला लागली. दार अर्धवट लोटलेलं होतं आणि फटीतून बाळाचं पांढरं झबलं दिसत होतं.

"परत वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच. माजा राजू भाईर उभा हाय."

मॅडम खुर्चीतून उठल्या. संध्याने त्यांच्या आधी जाऊन दार पूर्ण उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.